प्रकरण चौदा : तिसरी लाल वायर

जेवणं आटोपून वीस मिनिटं झाली तरी कुणी टेबलावरून उठत नव्हतं. आईला कळलं, आज विषय निघणार.

ती सिंकपाशी उभी होती. नळ अगदी बारीक सोडलेला, म्हणजे भांड्यांचा आवाज कमी आणि माणसांचा जास्त. चार महिन्यांपूर्वी थोरला भरल्या ताटावरून उठून गेला होता, त्यानंतर आज पहिल्यांदा सगळी एकत्र बसली होती. थोरला, त्याची बायको, धाकटी, जावई, आणि जावयाच्या मांडीवर पेंगणारी पिटुकली. टोकाच्या खुर्चीवर आप्पा. आईला वाटत होतं, चहा ठेवावा, तो प्यावा, आणि गोडीगुलाबीनं ज्यानं त्यानं आपापल्या घरी जावं.

पण थोरल्यानं खुर्ची पुढे ओढलीच.

“हं. मग काय ठरलं बाईसाहेबांचं?”

जावयाचा छापखाना आठवड्यातून तीनच दिवस चालायला लागल्यापासून धाकटीनं नोकरी सांभाळून एखादा जोडधंदा धरायचा, इथवर सगळ्यांचं एकमत होतं. कुठला, यावरून घरात दोन तट पडले होते. धाकटी लिफ्टची मेकॅनिक. हॉस्पिटलातल्या नऊ लिफ्ट तिच्या हाताखाली. आप्पांनी आयुष्यभर जे केलं तेच, आणि त्यांच्याकडूनच शिकून.

“माझ्याकडे अकरा इमारती आहेत देखभालीला,” थोरला म्हणाला. “अकरा! शनिवारी एक, रविवारी एक. बाहेरच्या माणसाला बोलवायचं आणि घरात मेकॅनिक बसवून ठेवायचा, याला काय अर्थ आहे? काल एक लिफ्ट करून बघितलीच की तिनं. गेलं का काही अवघड?”

“एकदा करून बघितली म्हणजे लग्नच लागलं का?” वहिनी म्हणाली. ती तंत्रशाळेच्या ऑफिसात होती. “आमच्या संध्याकाळच्या वर्गाला शिकवायला माणूस नाही. दीड महिना झाला, पोरं येतात नि फळ्याकडे बघून परत जातात. हाताला तेल लागलेलं माणूस हवंय म्हणतात साहेब. आठवड्यातून तीन संध्याकाळ. ना लिफ्टच्या शाफ्टमध्ये लोंबकळणं, ना काही.”

“शिकवणं! ज्याला काम जमत नाही तो शिकवतो.”

“अच्छा. म्हणजे तुमच्या मास्तरांना काहीच जमत नव्हतं म्हणा. तुमच्याकडे बघून पटतं.”

जावई हसला, धाकटी हसली. थोरलाही हसला, पण उशिरा.

“आप्पा, तुम्ही सांगा,” तो म्हणाला. “तुमचा शब्द शेवटचा.”

आप्पांनी पाण्याचा पेला हातात धरला होता. दोन्ही हातांनी. “पोरगी माझ्यासारखी आहे. बसून बोलायचं काम तिचं नाही. हात चालले पाहिजेत.” मग जरा ताठ होऊन म्हणाले, “आणि मी आहे ना बरोबर. काल होतोच की.”

आईच्या हातातलं ताट सिंकमध्ये घसरलं.

“काय गं?” आप्पा म्हणाले.

“काही नाही. साबण.”

काही नाही कसं? गेल्या आठवड्यात आप्पा पाव आणायला खाली गेले आणि तास झाला तरी येईनात, म्हणून ती बघायला गेली, तर ते खालच्या मजल्यावर परक्याच्या दाराशी उभे. आपली किल्ली त्या कुलपात घालून फिरवत होते. शांतपणे. “कुलूप बिघडलंय,” म्हणाले. त्याआधी रिकामं पातेलं गॅसवर लाल होईपर्यंत राहिलं होतं. आईनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. वय झालं की होतं असं, हे ती स्वतःला इतक्या वेळा म्हणाली होती की आता त्या वाक्याचा गुळगुळीत गोटा झाला होता. काल सकाळी आप्पांनी कामाचा जुना शर्ट कपाटातून काढला, शीळ घालत बटणं लावली. चार वर्षांनी शीळ ऐकली होती तिनं. कसं अडवणार?

*

टेबल डुगडुगत होतं. थोरला हात आपटून बोलायला लागला की पेल्यातलं पाणी हलायचं.

“तुझा स्क्रू-ड्रायव्हर दे गं,” जावई म्हणाला. “या पायाचा स्क्रू ढिला झालाय. नाहीतर आपल्या दादांच्या अकरा इमारती इथेच कोसळायच्या.”

धाकटीनं दाराशी ठेवलेली कामाची पिशवी ओढली. काल संध्याकाळी घरी गेल्यावर ती उघडलीच नव्हती. पिटुकलीला अंघोळ, जेवण, गोष्ट, मग ती स्वतःच गोष्ट सांगता सांगता झोपून गेली होती. पिशवी रात्रभर उंच फळीवर आणि सकाळपासून तिच्या खांद्यावर.

स्क्रू-ड्रायव्हर बाजूच्या कप्प्यात होता. तो काढताना तिचा हात आतल्या पट्ट्याला लागला. त्या पट्ट्यात लाल वायरी असतात. हातभर लांब, दोन्ही टोकांना चिमटे. तीन.

हाताला दोन लागल्या.

तिनं स्क्रू-ड्रायव्हर नवऱ्याला दिला. परत खाली बसली. पिशवी पूर्ण उघडली. पक्कड, टेस्टर, टॉर्च, चिंध्या, तेलाची बाटली. दोन वायरी. तिनं तळ चाचपला. पिशवी उलटी केली असती, पण मग सगळ्यांनी विचारलं असतं. अजून तिला कुणी विचारायला नको होतं. अजून ती वायर कुठेतरी चिंधीत गुंडाळलेली असू शकत होती.

चिंध्या तीन होत्या. एकेक झटकली. नव्हती.

लिफ्टचं कुठलंही दार नीट लागलेलं नसेल तर लिफ्ट जागची हलत नाही. दुरुस्ती करताना मात्र मेकॅनिकला दार उघडं ठेवून लिफ्ट वीतभर वर, वीतभर खाली करावी लागते. म्हणून वर मशीन रूममध्ये, पॅनलच्या दोन खिट्ट्यांना ही वायर लावतात. वायर लागली की लिफ्टला वाटतं, सगळी दारं बंद आहेत. लिफ्टला फसवायचंच असतं ते, तेवढ्यापुरतं. काम झालं की वायर काढायची. ती राहिली तर लिफ्ट दार उघडं असतानाही निघून जाते. मग उघड्या दारामागे उरते फक्त पोकळी. तळापर्यंत.

हॉस्पिटलात तिचा कामातला जोडीदार रोज ओरडून मोजायचा, “तीन नेल्या, तीन आणल्या!” नर्सेस हसायच्या. आप्पांचीच शिस्त ती. तिच्या पहिल्या दिवशी आप्पांनी तिला तीन वायरी हातात देऊन सांगितलं होतं, जेवायला विसर, पण या मोजायला विसरू नकोस.

काल ती तिसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या छतावर उभी होती. त्या मजल्याच्या दाराच्या कुलपाची जीभ झिजली होती. दार लागायचं, पण धक्का दिला की सुटायचं. तिनं जीभ घासून बसती केली. नवी पुढच्या शनिवारी आणायची होती. आप्पा वर पॅनलपाशी होते. वायर त्यांनी लावली. काम झाल्यावर तिनं खालून विचारलं, “आप्पा, काढली?” वरून आवाज आला, “काढली.” मग आप्पांनीच पिशवी भरली.

तिनं मोजल्या नाहीत.

“बघ, बसलं की नाही?” जावई टेबल हलवून दाखवत होता. “आता बोला दादा, कितीही हात आपटा.”

तिला त्याचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला. पिटुकली वहिनीच्या खांद्यावर गेली होती. तिचं एक मोजा घातलेलं पाऊल हलत होतं, तेवढंच धाकटीला दिसत होतं.

“आप्पा,” ती म्हणाली. “काल वर पॅनलला लावलेली वायर... काढली होती ना आपण?”

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर तेच नेहमीचं, जरासं हसू.

“कुठली वायर?”

*

थोरल्याला आधी समजलंच नाही. बहीण उठून उभी राहिली, तिचा रंग पार उडालेला, आणि ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, “दादा, कालच्या इमारतीच्या राखणदाराला फोन लाव. दादा, लिफ्ट बंद करायला सांग. मेन स्विच. आत्ता.”

त्यानं फोन लावला. वाजून वाजून थांबला. रविवारी दुपारी राखणदार फोन कशाला उचलतोय?

“झालंय काय पण?”

तिनं तीन वाक्यांत सांगितलं. थोरला मेकॅनिक नव्हता, पण लिफ्टवाल्याचा मुलगा होता. तिसरं वाक्य संपायच्या आत त्यानं राखणदाराला पुन्हा फोन लावला. याही वेळी कुणी उचलला नाही.

“असेल गं काढलेली,” आई सिंकपासून म्हणाली. हात ओले, तसेच पुढे धरलेले. “तिथे जमिनीवर पडली असेल. तुम्ही आठवा ना हो जरा.”

आप्पा पेला दोन्ही हातांत गोल फिरवत राहिले.

“तिसऱ्या मजल्यावरच्या त्या बाई आहेत ना,” धाकटी म्हणाली, “शिकवणीच्या. त्यांचा नंबर असेल तुझ्याकडे.”

होता. चांगलाच होता. महिन्यातून चार तक्रारी यायच्या त्या नंबरावरून. जिन्यातला दिवा, पाण्याचा दाब, लिफ्टचं दार. त्या बाईला हे सांगायचं म्हणजे संध्याकाळपर्यंत इमारतभर, आणि उद्या सकाळी अकराच्या अकरा इमारतींत.

“थांब जरा,” तो म्हणाला. “गाडीनं वीस मिनिटं. आपण जाऊ, गुपचूप काढू, नि—”

“रविवारी शिकवणी कितीला असते?” वहिनीनं विचारलं.

थोरल्याला माहीत होतं. तक्रारीतच आलं होतं एकदा. रविवारी साडेतीनला पोरं येतात आणि लिफ्टशी दंगा करतात, राखणदाराला सांगा.

त्यानं घड्याळ पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. तीन वाजून छत्तीस मिनिटं.

“अहो, लावा फोन!”

“मी फक्त एवढंच म्हणतोय की, एकदा बोभाटा झाला की तिची हॉस्पिटलातली नोकरीसुद्धा—”

पुढचं वाक्य त्याला पूर्ण करता आलं नाही, कारण वहिनीनं एका हातानं पिटुकलीला सावरत दुसऱ्या हातानं त्याचा फोन काढून घेतला. बारा वर्षांच्या संसारात तिनं त्याच्या हातातून कधी काही हिसकावलं नव्हतं. तो रिकामा हात तसाच धरून बसला. नंतर किती तरी दिवस त्याला त्या अर्ध्या मिनिटाबद्दल कुणाशी बोलता आलं नाही.

पहिल्यांदा रिंग पूर्ण वाजली. दुसऱ्यांदाही.

“शिकवताना फोन बाजूला ठेवत असतील,” जावई म्हणाला. त्याच्या हातात गाडीची किल्ली होती.

तिसऱ्यांदा आवाज आला. वहिनीनं फोन धाकटीच्या कानाला लावला.

“बाई, मी काल लिफ्टला आले होते ती. हो, हो, तीच. बाई, नीट ऐका. मुलं कुठे आहेत?” ती ऐकत होती. तिचे ओठ पांढरे पडत गेले. “लिफ्टपाशी कोण आहे आत्ता? ...नाही, हाक मारू नका, स्वतः जा. दाराला पाठ लावून उभ्या राहा. कुणालाही हात लावू देऊ नका दाराला. आत बघूही नका. वाकू नका. आम्ही येतोय.”

फोन बंद झाला. धाकटी म्हणाली, “चार बाईंच्या घरात आहेत. दोन अजून बाहेर लिफ्टशी खेळतायत.”

दाराशी आईनं तिला गाठलं. तिचा दंड धरला, ओल्या हातानं, घट्ट.

“हे बघ. त्यांच्यावर येऊ देऊ नकोस,” आई पुटपुटली. “तू विसरलीस म्हण. तू तरुण आहेस, तुला कुणी काही म्हणणार नाही. त्यांना नाही गं सोसायचं.”

“आई, तुला माहीत होतं?”

आईनं दंड सोडला नाही.

*

गाडी थोरला चालवत होता. जावई पिटुकलीपाशी थांबला होता, वहिनी आईपाशी. आप्पांना कुणी या म्हटलं नव्हतं. ते बूट घालून पुढच्या सीटवर येऊन बसले होते, आणि त्यांना उतरा म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

ते आठवत होते. कालचं सगळं नीट होतं. लोखंडी शिडी. वर गेल्यावर तेलाचा वास, ओळखीचा. खिडकीच्या जाळीत अडकलेलं कबुतराचं पीस. मोटर गार होताना होणारी टकटक. खालून लेकीचा आवाज, “आप्पा, काढली?” आणि स्वतःचा आवाज, खणखणीत, “काढली.”

आवाज आठवत होता. हात आठवत नव्हता.

त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून धरलं. शिडी, वास, पीस, टकटक. तिथपर्यंत वाट पायाखालची होती. मग एकदम जमीनच नव्हती. पलीकडे ते पिशवी उचलून शिडी उतरत होते. मध्ये काय झालं? मध्ये काहीतरी झालं असणारच. माणूस एका जागेवरून दुसऱ्या जागी जातो तो मधून जातो.

सिग्नल लाल होता. एक बाई बाबागाडी ढकलत रस्ता ओलांडत होती.

“दुसऱ्या कुणीतरी हात लावला असेल पॅनलला,” थोरला म्हणाला. “तो राखणदार उपटसुंभच आहे. आपण तसंच म्हणू.”

“दादा, तू गाडी चालव,” मागून धाकटी म्हणाली.

आप्पांनी आपले हात मांडीवर पालथे ठेवले. उजव्या हाताची करंगळी अर्धीच होती, तिशीत एका दोरानं नेलेली. त्या अर्ध्या बोटाचा त्यांना आयुष्यभर एक छुपा अभिमान होता. एवढंच नेलं, बाकी कुणाचं काही नाही. चाळीस वर्षं. लोक त्यांच्या लिफ्टमध्ये चढले आणि उतरले आणि त्यांना आप्पांचं नावही माहीत नव्हतं, आणि तसंच हवं असतं. त्यांना भीती वाटत होती. ती मरणाची नव्हती, ती भीती त्यांच्या ओळखीची होती, शाफ्टमध्ये तिच्याबरोबर डबा खाल्ला होता. हे वेगळं होतं. हे स्वतःच्याच घरात कुणी परकं शिरून बसल्यासारखं होतं.

“काय रे,” त्यांनी थोरल्याला विचारलं, “मी आजकाल विसरतो का?”

थोरल्यानं गिअर बदलला. दोनदा. एकदाही गरज नव्हती.

*

जिना धाकटीनं धावत चढला. तिसऱ्या मजल्यावर शिकवणीच्या बाई लिफ्टच्या दाराला पाठ टेकून उभ्या होत्या, दोन्ही हात पसरून. सहा मुलं वरच्या पायऱ्यांवर ओळीनं बसलेली. अशी गप्प मुलं धाकटीनं हॉस्पिटलातच पाहिली होती.

“तुमचा फोन आला म्हणून बाहेर आले, तर दार उघडंच होतं हो,” बाई म्हणाल्या. आवाज कुजबुजीएवढा. “एवढंसं. ही मोठी ते ओढत होती. मला वाटलं, लिफ्ट आलीय.”

“मला पण वाटलं,” पायरीवरची मुलगी म्हणाली. सातएक वर्षांची असेल.

धाकटीनं बाईंना हलकेच बाजूला केलं आणि दार तपासलं. जीभ पुन्हा सुटली होती. तिनं बोटभर फटीतून आत पाहिलं. समोर केबिन नव्हती. दोर होते, काळोख होता, आणि खूप खाली केबिनच्या छतावर पडलेला उजेडाचा एक तुकडा. मशीनचा गार, तेलकट वारा तोंडावर आला. रोजचा वारा. तिनं चौकट धरली.

मग तिनं दार दाबून लावलं, कमरेचा पट्टा काढून दाराच्या मुठीला आणि जिन्याच्या कठड्याला आवळला, थोरल्याला तिथे उभं केलं. “हलायचं नाही दादा.” “नाही हलत,” तो म्हणाला. तो खरंच नाही हलला, पुढे कितीतरी वेळ.

वर मशीन रूममध्ये आधी मेन स्विच खाली ओढला. मग पॅनलचं दार उघडलं.

वायर तिथेच होती. लाल, स्वच्छ, दोन्ही चिमटे नीट बसवलेले. जातिवंत कारागिरानं लावावी तशी.

मागे शिडीवर पावलं वाजली. एक पायरी, थांबणं, एक पायरी. आप्पा वर आले आणि तिच्या खांद्यावरून पाहत राहिले. ती वाट पाहत होती. येताना सबंध रस्ता तिनं वाक्य तयार केलं होतं. माझ्याकडून राहिली आप्पा, तुम्ही काढायला सांगितलं होतं, मीच विसरले. आईसाठी. आप्पांसाठी. साधं वाक्य होतं. ते म्हटलं की आप्पा रागावले असते, मग निवळले असते, आणि पुढच्या शनिवारी कामाचा शर्ट घालून तयार राहिले असते.

पुढच्या शनिवारी.

तिच्यानं ते वाक्य म्हणवेना.

“माझ्या हातची आहे,” आप्पा म्हणाले. “चिमटा मी असाच लावतो. उलटा.”

तिनं चिमट्याकडे पाहिलं. उलटाच होता.

“पिशवी मी भरली?”

“हो.”

“आणि तू मोजल्या नाहीस?”

“नाही.”

“का?” आवाज चढला. अर्ध्या करंगळीचा हात हवेत उठला. “चाळीस वेळा सांगितलं तुला! देवानं जरी सांगितलं काढली म्हणून, तरी मोज! का नाही मोजल्यास?”

“तुम्ही होतात म्हणून.”

हात हवेतच राहिला. मग खाली आला. आप्पांनी भिंतीला टेकून ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यावर बसकण मारली. धाकटीनं एकेक चिमटा सोडवला, वायर गुंडाळली. दुसरा चिमटा दोनदा निसटला.

“अहो,” खालून जिन्यातून बाईंचा आवाज आला. त्यांना आता धीर आला होता, आणि धीराबरोबर राग. “काय झालं होतं ते कळू दे तरी! कोणाची चूक ही? मला पालकांना सांगायला हवं!”

“बाई, तांत्रिक—” थोरल्याचा आवाज सुरू झाला.

“माझी!” आप्पा ओरडले. बसल्या जागेवरून, खणखणीत. “माझी चूक, बाई. वायर राहिली माझ्याकडून. माझं वय झालंय. विसरतो मी.”

थोरल्यानं पुढे काही जोडलं नाही. आणि धाकटीला जाणवलं की आप्पांनी हे वाक्य बाईंना सांगितलं नव्हतं. त्यांनी ते पहिल्यांदाच, मोठ्यानं, स्वतः ऐकलं होतं.

“आप्पा...”

“त्या संध्याकाळच्या वर्गात किती पोरं असतात?”

“वीस-बावीस, वहिनी म्हणाल्या.”

“जा तिकडे.” त्यांनी नाक ओढलं, बाहीला पुसलं, लहान मुलासारखं. “दादाला मी सांगतो. आणि पहिल्याच दिवशी हे सांग पोरांना. बापाचं म्हणून सांग. नाहीतर त्यांना वाटेल, दुसऱ्याच कुण्या गाढवाची गोष्ट आहे. चाळीस वर्षांचा मेकॅनिक होता म्हणावं, नि त्याला शपथेवर वाटत होतं की काढली.” ते थांबले. “मला अजून वाटतंय गं. काढली असं.”

ती त्यांच्यापाशी गुडघ्यावर बसली. डोकं त्यांच्या गुडघ्यावर टेकवावंसं वाटत होतं. पण खाली सहा मुलं होती, तिला तेवढी सवड नव्हती.

“झालं असेल तर चालू करा!” बाईंनी पुन्हा हाक दिली. “सहा वाजता पोरांना खाली सोडायचंय मला.”

धाकटीनं सवयीनं आप्पांकडे पाहिलं. लहानपणापासून असंच पाहिलं होतं, लिफ्ट चालू करायची की नाही याचं उत्तर त्या चेहऱ्यावर असायचं. आप्पांनी नजर चुकवली नाही. पण तेही वाट पाहत होते, तिच्या तोंडाकडे बघत, आज्ञाधारकपणे. दुपारपासून वाटली होती त्याहून मोठी भीती ही होती.

“नाही, बाई!” ती जिन्याच्या तोंडाशी जाऊन म्हणाली. “आज जिन्यानंच न्या मुलांना. लिफ्ट बंद राहील. नवी जीभ बसेपर्यंत बंद.”

मेन स्विचला तिनं कुलूप घातलं. खिशातून पेन काढून पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहिलं, बंद, आणि खाली स्वतःचं नाव. मग पिशवी उघडून तीन वायरी जमिनीवर ओळीनं मांडल्या आणि मोजल्या. परत मोजल्या. मग तिसऱ्यांदा, मोठ्यानं, आप्पांना ऐकू जाईल असं. मग टॉर्च घेऊन ती एकटी खाली निघाली, एकेका मजल्याचं प्रत्येक दार हातानं ओढून बघायला.